दाराला सांगायच्या गोष्टी

शिवरात्रीची जत्रा उठते, दुकानांचे खांब उपटून नेलेल्या जागी खड्डे तेवढे राहतात, आणि आमच्या परसातल्या चिंचेवर बांबू चढतो. सकाळभर आकडे पडत राहतात. वाळलेल्या आकड्यांचा आवाज पोकळ असतो. दुपारी ओसरीवर बायका गोल करून बसतात, टरफलं फुटतात, शिरा ओढल्या जातात, चिंचोके टोपलीत टपटपतात. संध्याकाळपर्यंत सगळ्या घराला आंबूस वास लागतो. पाण्याच्या तांब्यालाही, लेकराच्या दुपट्यालाही.

लोकांना हे दिवस आवडतात. मला आवडत नाहीत. मी हिशेबाचा माणूस आहे, औंढ्याच्या आडतीवर माझा जन्म चालला आहे. कुठलीही गोष्ट अकारण आवडली किंवा अकारण नावडली तर मला चैन पडत नाही. म्हणून या नावडीचंही कारण मी शोधून ठेवलं आहे. या वासाबरोबर मला राग येतो. दरवर्षी येतो आणि मागच्या वर्षाइतकाच येतो. त्यात घट नाही, तूट नाही.

यंदा तर चिंच झोडायच्या आधीच आला. माझे चुलते दादाराव काका यांनी निरोप पाठवला, "कौसा आली का हिंगोलीवरून? आली की सांग. तिच्याशी जरा काम हाय."

तिच्याशी काम आहे. काकांना. कौसाशी. मी निरोप आणणाऱ्याला म्हटलं, "येऊ द्या," आणि आत जाऊन उगाच पितळेचा डबा उघडला आणि आपटून बंद केला. बायको म्हणाली, "डब्यानं काय केलं तुमचं?" डब्यानं काही केलेलं नव्हतं.

*

ज्या वर्षाचं मी सांगतो आहे ते दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीचं. तेव्हा रॉकेल मागाल तेवढं मिळायचं आणि सरकारला घालायची लेव्हीची ज्वारी कुणाला ठाऊक नव्हती. त्या वर्षी माझी धाकटी बहीण कौसा माझ्या बायकोच्या बाळंतपणाला आली होती. तिचं सासर गोरेगावचं. नवरा तापानं गेला तेव्हा तिच्या अंगावरची हळदही नीट उतरली नव्हती असं आमची आई म्हणायची. ते आईचं दुःख होतं, हिशेब नव्हे. हिशेब असा की नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं कौसा सासरी दोन गड्यांचं काम एकटी करत होती आणि अर्ध्या माणसाइतकं जेवत होती. हे तिनं मला सांगितलेलं नाही. आली त्या दिवशी मी तिच्या हातांकडे पाहिलं आणि स्वतःच मांडलं.

तिच्या हातांना भेगा होत्या. चिंच फोडताना आंबट त्यात शिरायचं, ती "स्स्" करायची आणि पुढचा आकडा उचलायची. बारसं झालं, तान्हं लेकरू झोळीत गाढ झोपायला लागलं, आणि एका दुपारी चिंचेतली शीर ओढता ओढता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली,

"दादा, मला तिकडं परत धाडू नको."

मी म्हटलं, "बरं."

पण बरं म्हणून भागत नव्हतं. तिच्या थोरल्या दिराचा निरोप आला होता की पाडव्याला गाडी पाठवतो, हळद शिजवायला माणूस कमी आहे. माणूस म्हणजे कौसा. कामाच्या वेळी ती माणूस, एरवी नाही. ती माझ्याकडे राहिली असती तर सासरचे चार पंच घेऊन आले असते, आमची सून काहून दाबून ठेवली म्हणाले असते, आणि पंचांत दादाराव काका सगळ्यांच्या आधी पाटावर बसले असते. तिनं तिथं न जाण्याला काहीतरी कारण लागत होतं. बाकीच्या माणसांना जगायला कारण लागत नाही. विधवेला लागतं, आणि ते तिला चारचौघांत मांडून दाखवावं लागतं.

त्याच आठवड्यात हिंगोलीचा एक गाडीवान आडतीवर बोलता बोलता बोलला की तिथल्या मुलींच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मराठी शिकवायला बाई मिळत नाही, पाडव्याच्या आत शाळाखात्याचे साहेब स्वतः येऊन बायांची तपासणी घेणार आहेत. मी हातातली मोजणी अर्धी टाकली. माझ्या आयुष्यात मी मोजणी अर्धी टाकल्याचं दुसरं उदाहरण नाही.

*

कौसा लग्नाआधी चौथी पास झालेली. मराठी वाचन चांगलं, हिशेब माझ्याहून जलद. पावकी, निमकी, अडीचकी हे पाढे आम्ही दोघांनी याच ओसरीवर पाठ केले. मी घोकायचो, तिला ऐकूनच यायचे. उर्दूचं एकच पुस्तक झालेलं, तेही विसरलेलं. आणि सरकारचा कारभार सगळा उर्दूत, तेव्हा साहेबासमोर चार वाक्यं तरी उर्दूत बोलता आली पाहिजेत, असं जो तो सांगत होता.

उर्दू खैरूनबीनं शिकवली. खैरूनबी आमच्याच गल्लीतली, मणेराची बायको, घरोघर जाऊन बांगड्या भरायची. तिचे वडील मदरशात मास्तर होते. बांगड्यांच्या दोऱ्या खांद्यावर तशाच ठेवून ती रोज दुपारी आमच्या ओसरीवर टेकायची, चिंच फोडायला हातही लावायची आणि शिकवायचीही.

"कौसा, ये व्हय-व्हय मत कर गे. बैल हाकते वैसा लगता. 'जी' बोल."

"जी, आपा."

"धीरे बोल, मगर साफ बोल. मेरे अब्बा बोलते थे, नरम बोलना अलग, दबके बोलना अलग."

कौसा हसायची. बहिणीला हसताना मी किती दिवसांनी पाहिलं ते मला सांगता येणार नाही. मी हे मोजलं नव्हतं.

गल्लीत बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. घरात विधवा, तिला नोकरीला लावायचा घाट, आणि दारात बांगडीवाली रोज. दादाराव काका एक दिवस अंगणात येऊन उभे राहिले. आत यायचं नाही, बसायचं नाही, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचं, ही त्यांची पद्धत.

"काहून रे बळवंता, बांगडीवाली रोज तुझ्या दारात? हात कोनाचे भरून राहिली?"

खैरूनबीनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"हात नइं काका, दिमाग भर रई मैं. आपका भी भर दूँ? जगा बहुत है."

ओसरीवर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काका गेले. पण जाताना मला म्हणाले, "बहिणीच्या पगारावर जगायचं आलं का रे तुला? नाक कापून ठेव आडतीवर." गल्लीतल्या कोणी त्यांना विचारलं नाही की गोरेगावचे लोक कौसाच्या कष्टावर जगत होते तेव्हा नाक कुणाचं कापलं गेलं. मीही विचारलं नाही. तो प्रश्न माझ्याकडे अजून शिल्लक आहे.

*

आता दाराची गोष्ट सांगतो, कारण सगळं त्या दारावर येऊन थांबलं.

आमच्याकडच्या घरंदाज घरांत एक रीत आहे. सून सासऱ्याशी, थोरल्या दिराशी, नात्यातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाशी सरळ बोलत नाही. जवळ लेकरू असेल तर लेकराला सांगते. नसेल तर दाराला. म्हणजे सासरा ओट्यावर बसलेला असतो, सून चौकटीआड उभी असते, आणि दाराकडे तोंड करून म्हणते, "दारा, सांग रे, जेवण वाढलं." सासरा दाराला म्हणतो, "सांग, येतो." दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत असतं. हात लांब केला तर लागेल इतकं अंतर असतं. तरी मध्ये दार. लहानपणी आम्हाला याची गंमत वाटायची, आम्ही दाराला चिडवायचो.

एका दुपारी मी साहेब झालो. आडतीवरच्या एकाचा चष्मा आणला, काळा कोट घातला, ओसरीवर खाट टाकून बसलो आणि घसा खाकरून विचारलं, "तुमचं नाव काय?"

कौसा उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि वळून चौकटीला म्हणाली, "दारा, सांग, कौसल्या."

खैरूनबी खो-खो हसली. मीही हसलो. "अगं, मला सांग. मी दादा."

"व्हय, दादा." मग पुन्हा घसा खाकरून विचारलं. पुन्हा ती वळली. तिला स्वतःलाच हसू आलं, मग ते हसू थांबलं. तिसऱ्यांदा तिनं खाटेचा खूर हातानं धरून ठेवला, माझ्याकडे तोंड ठेवलं, आणि तोंडातून शब्द निघेना. सतरा दाणे पाचांत वाटले तर उरले किती, तेही सांगता येईना. मी कोट काढला, तर तिनं ते उत्तर लगेच सांगितलं. पुन्हा कोट घातला, पुन्हा दार.

"मी दारच काढून ठेवतो," मी चिडून म्हणालो.

"दरवाजा निकालोगे तो खंबे को बोलेगी," खैरूनबी म्हणाली. ती आता हसत नव्हती.

माझा खरा राग तिथून सुरू होतो. भेगा पडलेले हात मी पाहिले होते, अर्धं जेवणही पाहिलं होतं. पण हिशेबात माझ्यापुढे असलेल्या माझ्या बहिणीला कोट घातलेल्या माणसासमोर वाचा राहू नये, इतकं तिला कुणी घडवलं? कुणी एकानं नाही. रोज थोडं थोडं, प्रेमानं, रीतीनं. आमच्या आईनंही. ज्याच्यावर ओरडावं असं एक तोंड मला सापडेना. राग मग चिंचेवर निघाला, टरफलं फोडायला मी बायकांबरोबर बसलो आणि चिंचोक्यांसकट सगळं ठेचून ठेवलं. बायको म्हणाली, "उठा तुमी, गोळा खारा करायचाय, चुरा न्हाई."

*

तपासणीच्या दिवशी पहाटे गाडी जोडली. खैरूनबी बरोबर आली, बुरख्यात, मांडीवर दशम्यांचं गाठोडं. रस्त्याला पळस फुलून गेले होते. एका शेताच्या कडेला हळद शिजत होती. त्या काहिलीची वाफ, तो मातकट गोड वास गाडीपर्यंत आला तशी कौसानं मान दुसरीकडे केली. तो वास संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "आपा, 'जमा-तफरीक' म्हंजे बेरीज-वजाबाकी ना?"

"हौ गे, तीन बार पूछी तू."

हिंगोलीत मदरशाच्या मोठ्या खोलीत चिकाचा, बांबूच्या काड्यांचा पडदा सोडलेला होता. बाया मागच्या दारानं आत गेल्या. तिथं मदरशाच्या मोठ्या उस्तानी, म्हणजे मुख्य बाई, बसल्या होत्या. त्यांच्याजवळ एकेका बाईला बसवत होते. पडद्याच्या अलीकडे साहेब, शेजारी कारकून, आणि सल्ल्याला म्हणून बोलावलेले गावातले एक वकील. वकील आपलेच, मराठी बोलणारे. आणि एक खुर्ची. ती खुर्ची कुणासाठी ते मला आत गेल्यावर कळलं. ती माझी होती.

मला पडदा पाहून आनंद झाला होता, हे कबूल करतो. कोट दिसणार नाही, चष्मा दिसणार नाही, कौसाला बोलता येईल. माझं गणित असं होतं. पण एक गोष्ट आम्ही कुणीच धरलेली नव्हती.

साहेब म्हातारे, सभ्य, शेरवानीची गुंडी गळ्यापर्यंत. त्यांनी मला विचारलं, "आपकी हमशीरा का नाम?"

मी बहिणीचं नाव सांगितलं.

"तालीम कहाँ तक हुई?"

"चौथी, साहेब." मी सांगितलं.

मग वकिलांनी मराठीत सुरुवात केली. "ह्या नोकरीला आल्या तर घरी भाकरी कोण थापणार?"

पडद्यापासून मी दोन हातांवर होतो. आत कौसाच्या श्वासाचा आवाज येत होता. माझ्या लक्षात आलं की तिला कुणी काही विचारतच नाही. इतक्या दुपारी खैरूनबीनं घासून घेतलेलं 'जी', ते साफ बोलणं, कशाचाच उपयोग नव्हता. प्रश्न माझे, उत्तरं माझी, नोकरी तिची. आम्ही तिला दाराशी बोलायचं सोडवत बसलो होतो, आणि इथं दार खुर्चीवर बसवलेलं होतं.

"बोला की," वकील म्हणाले. "आडतीवर हिशेब करता ना तुम्ही? बरं, हिशेबाचंच विचारतो. एका घराला पावणेतीन शेर ज्वारी, तर अठरा घरांना किती? बाईला हे येतं का?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. ज्याचा सगळा जन्म मापावर गेला त्याला असा प्रश्न विचारून गप्प बसवणं म्हणजे भुकेल्यापुढं ताट ठेवण्यासारखं आहे. मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

कारकुनानं वर पाहिलं. वकील हसले. "काय हो? आडतवाल्यालाच येईना?"

"वकीलसाहेब," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला तो मला उतरवता आला नाही, "आमच्याकडं बाया वडीलधाऱ्यांशी दाराआडून बोलतात, दाराला सांगतात. तुमी मला दार समजा. दाराला ऐकू येतं, दाराला हिशेब येत न्हाई. नोकरी मला नको हाय. तिला पायजे."

वकिलांचा चेहरा लाल झाला. साहेबांनी कारकुनाकडे वळून मराठीचा अर्थ विचारला. आणि तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. नरम होता, दबका नव्हता.

"साडेएकोणपन्नास शेर."

आणि कुणी काही म्हणायच्या आत पुढं, "पन वाटप बराबर न्हाई, साहेब. घरं मोजली, घरातली तोंडं मोजली न्हाईत."

आतून बांगड्या वाजल्या, मोठ्या उस्तानी हसल्या असाव्यात. साहेबही हसले. त्यांनी खुर्ची थोडी फिरवली, माझ्याकडून पडद्याकडे. तेवढीच, वीतभर. त्या वीतभर खुर्चीसाठी मी त्या माणसाला आजही मनात सलाम करतो.

"बीबी, जो लड़की पहले दिन मदरसे आए, उसको पहले क्या पढ़ाएँगी?"

मग खैरूनबीच्या चालीत, पण कौसाच्या गळ्यातून, "जी, पहले उसका नाम पूछूँगी. जोर से बोलने लगाऊँगी. फिर लिखने."

"एक विचारायचं राहिलं," वकील म्हणाले. "सासरच्यांची संमती? आणि पगार नेणार कोण?"

"वकील साहब," साहेब म्हणाले, "बस."

*

नेमणूक झाली. हे वाचणाऱ्याला वाटेल, आता राग कशाला? नेमणुकीचा कागद आला तो मी माझ्या हातानं फोडला. त्यावर लिहिलं होतं की बळवंतराव, राहणार औंढा, यांची बहीण हिला मराठी शिकवण्यास नेमलं आहे. मी तो वरून खाली वाचला, खालून वर वाचला. कौसल्या हे नाव कुठंच नव्हतं. ज्या बाईनं पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीला तिचं नाव विचारीन म्हणून नोकरी मिळवली, तिच्या नोकरीच्या कागदावर तिचं नाव नाही.

मी पुन्हा हिंगोली गाठली. कारकून भला माणूस, त्यानं मला पान दिलं, बसवलं. "औरत का नाम कागज पे, दस लोगां के हात में? अच्छा नइं लगता साहब. इज्जत का मामला है." तो उद्धट असता तर मी भांडलो असतो. त्यानं इतक्या आदरानं सांगितलं की मी पान खाल्लं आणि परत आलो. त्या पानाची चव मला अजून विसरता येत नाही. वाईटपणाशी लढणं मला जमतं. आदरानं पुसून टाकणाऱ्या माणसाशी कसं लढायचं, ते मला आडतीवर कुणी शिकवलं नाही.

कौसाला मी कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "असू दे दादा. मुलींना तर माझं नाव ठाऊक व्हईल."

पाडव्याला गुढी उभी केली, निंबाचा पाला वाटून झाला, आणि गोरेगावची गाडी दारात आली. थोरले दीर उतरले. पाणी घेतलं, गूळ घेतला. मग मला म्हणाले, "पाव्हणं, तिला सांगा, गाडी उभी हाय. उन्हाच्या आत निघायचं."

मी गप्प बसलो. हिंगोलीपासून मला ते जमू लागलं होतं.

"सांगा की."

आतून पायांचा आवाज आला. मला वाटलं ती चौकटीआड थांबेल. ती थांबली. एका हातानं तिनं चौकट धरली. मग तो हात सुटला आणि ती ओसरीवर आली, पदर डोक्यावर नीट, मान खाली, पण तोंड त्यांच्याकडे.

"भाऊजी, मी येत न्हाई. हिंगोलीला मुलींच्या साळंत माझी नोकरी लागली. परवा हजर व्हायचंय."

दिरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते दाराकडे पाहत राहिले, जणू ते अजून काही सांगेल. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी तिचा आवाज स्वतःला उद्देशून कधी ऐकला नव्हता. "हळद कोन शिजवंल मग?" ते दाराला म्हणाले. कौसा मेली का जगली, नोकरी काय, कुठं राहणार, काही नाही. हळद.

"ते तुमी बघा," कौसा म्हणाली. "गाडी रिकामी नको जायला, थांबा." आणि तिनं आतून चिंचेचे मिठात घोळलेले गोळे आणले, मोठी टोपली भरून, आणि स्वतः गाडीत ठेवले. तिनं स्वतः फोडलेली चिंच होती ती. माझी बायको नंतर म्हणाली, "एवढं कशाला द्यायचं त्यांना?" मलाही तसंच वाटलं. कौसाचा राग माझ्यासारखा नाही. तो काय आहे ते मला अजून नीट उलगडलेलं नाही.

*

दरवर्षी होळीला सुट्टी घेऊन कौसा चिंच फोडायला येते. आता तिला गल्लीत सगळे 'बाई' म्हणतात. तिच्या हातांच्या भेगा भरल्या आहेत, बोटांना खडू लागलेला असतो. खैरूनबीचे डोळे अधू झाले. ती दोऱ्यांतल्या बांगड्या आता चाचपून ओळखते, पण चिंच फोडायला येतेच.

तर परवा दादाराव काका आले. या वेळी अंगणात उभे राहिले नाहीत, ओसरीवर येऊन बसले. मागं एक मुलगी होती, त्यांची धाकटी सून. मागच्या पावसाळ्यात तिचा नवरा गेला. ती चौकटीजवळ उभी राहिली, मान छातीला टेकलेली.

कौसा काकांपासून हातभर अंतरावर चिंच फोडत होती. काका माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "बळवंता, तिला म्हणावं, ही चौथीपर्यंत शिकलीय. हिचं कुठं लागतं का बघावं म्हणावं. हिशेब येतो हिला. तकलीफ व्हतीय घरात, दुसरं काय."

माझ्या डोक्यात काय काय आलं. बांगडीवाली, नाक, आडत. सगळं उत्तर तयार होतं, व्याजासकट. मी चिंचोके टोपलीत टाकत राहिलो.

"ऐकलं का रे? तिला सांग की."

कौसानं हात पदराला पुसले. काकांकडे पाहिलं नाही. मुलीकडे पाहिलं.

"तुझं नाव काय गं?"

"हिचं नाव..." काका म्हणाले.

"काका," कौसा म्हणाली, "नोकरी तुमाला पायजे, का तिला?"

खैरूनबीचं चिंच फोडणं थांबलं. मुलगी वळली, आमच्या त्या जुन्या चौकटीकडे, जिथं तेल आणि हात लागून लागून लाकूड काळं पडलं आहे. तिच्या ओठांतून दाराला काहीतरी सांगितलं गेलं. मी जवळ होतो, मलाही ऐकू आलं नाही.

"दार भैरं हाय आमचं," कौसा म्हणाली. "मला सांग. मोठ्यानं."

मला काकांवर इतका राग आला होता की त्या मुलीनं बोलावं म्हणून मी मनातल्या मनात ओरडत होतो. हिंगोलीच्या खोलीत कौसासाठीही मी असाच ओरडलो होतो.

"गोदावरी," मुलगी म्हणाली.

एवढ्या मोठ्यानं, की समोरच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन बघू लागली.